वरचं पाकीट

नंबरमास्तरांनी वरचं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं आणि चटका बसावा तसं खाली ठेवलं. पुन्हा उचललं. या खेपेची पाकिटं पातळ निघाली होती. आतला ‘जुनी’ हा शब्द चक्क वाचता येत होता.

किरणोपचार विभागाच्या खिडकीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. खुद्द मोठ्या डॉक्टरांच्या सासऱ्यांनाही त्यांनी रांगेत बसवलं होतं आणि तेव्हापासून सगळे त्यांना नंबरमास्तर म्हणत. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर किरण देण्याच्या दोन पद्धती ताडून पाहायचं ठरलं, तेव्हा बंद पाकिटांची चळत म्हणूनच त्यांच्या हवाली झाली. जो पेशंट संमतीच्या कागदावर सही करेल त्याच्यासाठी वरचं पाकीट फोडायचं आणि आत लिहिलेली पद्धत त्याला द्यायची. जुन्या पद्धतीत मानेच्या दोन्ही बाजूंनी सरळ किरण जात आणि लाळेच्या ग्रंथी भाजून निघत. तोंड कोरडं पडे ते बहुतेकांचं कायमचंच. नवी पद्धत त्या ग्रंथींना वळसा घाली. पण त्या वळशात रोगाचा एखादा कण सुटून राहतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर हा पाकिटांचा खटाटोप.

आणि आज सहीसाठी पहिला नंबर त्यांच्या धाकट्या भावाचा होता.

भाऊ बाकावर बसून शेजारच्या सुताराला जेवणाच्या गोष्टी सांगत होता. घशात गाठ, तरी जिभेला विसावा म्हणून नाही. लहानपणी हा आपलं ताट संपवून मास्तरांच्या ताटाकडे आशाळभूतपणे बघायचा आणि मास्तर आईची नजर चुकवून अर्धं त्याच्याकडे सरकवायचे. याचं तोंड कोरडं पडलं तर हा जगणार कशावर? मास्तर उठले, पाणी प्यायले, बसले. पेन उघडलं, मिटलं. दुसरं पाकीट बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. ‘नवी’.

मग त्यांनी सुताराला हाक मारली आणि तुमचे कागद तयार आहेत, तुम्हीच आधी या, म्हणून सांगितलं. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. सुतार संकोचला. नंबर यांचा आहे, म्हणाला. भावानेच त्याला हाताने पुढे ढकललं.

त्या दिवसापासून मास्तरांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सुतार दिसला की ते उगाच फायली चाळत. भावाला साधा ठसका लागला तरी ते हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत. तो कण सुटला तर नसेल? मोठ्या डॉक्टरांच्या दारापर्यंत ते दोनदा गेले आणि दोन्ही वेळा भलतंच काही विचारून परतले. बायको म्हणे, झोपेतही तुमचे पाय चालतात.

आठ महिन्यांनी दोघंही एकाच दिवशी तपासणीला आले. भाऊ बाकावर बसून कोरडे टोस्ट कुरुमकुरुम खात होता. सुतार खिडकीशी आला. निम्मा झाला होता. हातात पाण्याची बाटली, आणि दर चार शब्दांना एक घोट.

“मास्तर, ते तुमचे सख्खे भाऊ ना? मला आज कळलं.” घोट. “तुम्ही त्यांच्या आधी मला घेतलंत.” घोट. “घरी सांगणार आहे मी. असा माणूस बघितला नाही म्हणून.”

मास्तरांना ते सोसवेना. एखादी शिवी त्यांनी हसत घेतली असती.

“उपकार नव्हते ते,” ते म्हणाले. “पाकिटातलं मला बाहेरून दिसलं होतं. वरचं त्याचं होतं. ते मी तुम्हाला दिलं.”

सुताराने हातातल्या बाटलीकडे एकदा पाहिलं, मग बाकाकडे. भाऊ मांडीवरचे टोस्टचे कण टिपून तोंडात टाकत होता.

“ते बरे आहेत ना आता?” सुताराने विचारलं.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

सुताराने आणखी एक घोट घेतला, तो तोंडात बराच वेळ घोळवला आणि गिळला. बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग आपला कागद खिडकीतून आत सरकवून तो नंबराची वाट बघत भावाच्या शेजारी जाऊन बसला.