पत्रकाची मागची बाजू

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल. मी एक जुना सायक्लोस्टाइल आहे. झेरॉक्सचं यंत्र गल्लोगल्ली यायच्या आधी शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि कचेऱ्यांची परिपत्रकं माझ्याच भाईबंदांनी छापली. मेण लावलेल्या पातळ कागदावर टाइपरायटरनं अक्षरं कोरायची. त्या कागदाला स्टेन्सिल म्हणत. तो माझ्या पिंपावर ताणून बसवायचा, आतून शाई सोडायची आणि बाजूचं हँडल फिरवायचं. एक फेरा, एक कागद. मी अंगानं गंजलो आहे, पण मनात धरलेलं सोडत नाही. म्हणून हे सांगायला बसलो.

माझा जन्म कारखान्यातला. ज्या फिटरनं माझा शेवटचा स्क्रू आवळला त्यानं माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "जा, आता गावभर बोंबल!" पहिली काही वर्षं मी एका शाळेत काढली. तिथून एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत आलो. खोली लहानशी. एक टेबल, एक टाइपरायटर, गीतांच्या पुस्तकांचं कपाट, आणि मंदिराच्या व्यासपीठाशेजारी उघडणारं एक दार. ते दार नीट लागत नसे, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येई आणि निम्मंअर्धं दिसेही.

तिथली गाणी, गायनमंडळ आणि उपासनेचा सगळा क्रम एक सेवक सांभाळत. लोक त्यांना गुरुजी म्हणत. उंच, देखणे, आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणारा माणूस सावरून बसे. गाणी स्वतः लिहीत, चाली स्वतः बांधत. खोटं कशाला बोलू, गाणी चांगली होती. दर रविवारी एक पत्रक निघे. पुढच्या बाजूला उपासनेचा क्रम आणि मागच्या बाजूला गुरुजींचं 'आठवड्याचं मनन'. श्रद्धा, घरसंसार आणि गाणं कसं सुचतं, यावर पानभर मजकूर.

तो मजकूर टाइप करायची त्यांची बायको. ती एका कचेरीत टंकलेखिका होती, म्हणून तिला सगळे बाई म्हणत. शनिवारी अर्धा दिवस काम करून ती थेट माझ्या खोलीत यायची. गुरुजी येरझाऱ्या घालत सांगायचे, ती बडवायची. मग गुरुजी गायनमंडळाची तालीम घ्यायला आत जायचे आणि बाई माझं हँडल फिरवायची. काम झालं की जुन्या कपड्यानं माझं अंग पुसायची, शाईचं तोंड बंद करायची. गुरुजींनी मला कधी फडकं लावलं नाही. कागद अडकला की मात्र लाथ घालायचे आणि म्हणायचे, "खटारा आहे नुसता!" त्या लाथेचा पोचा अजून माझ्या डाव्या पायावर आहे. मी तो विसरलेलो नाही.

आता त्या मननाबद्दल सांगतो. एका आठवड्यात मजकूर असा: माझ्या पत्नीचं दूध उतू गेलं, मी रागावलो नाही, आणि त्यातून मला सहनशीलता कळली. दुसऱ्या आठवड्यात: माझी पत्नी तिच्या बहिणीशी भांडली, मी तिला क्षमा करायला शिकवलं. बाई हे स्वतःच्या बोटांनी टाइप करायची. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही. रविवारी मंडळीतल्या बायका येऊन विचारायच्या, "काय हो, बोलताय का आता बहिणीशी?"

मग लेकीची पाळी आली. लेक पंधरा वर्षांची. गणितात नापास झाली आणि प्रगतिपुस्तक दप्तरात लपवलं. गुरुजींनी तिला जवळ घेतलं, समजावलं, तोवर सगळं ठीक होतं. पण शनिवारी ते सगळं पानावर उतरलं. मंडळीत तिच्या वर्गातल्या तीन मुली येत होत्या. सोमवारी शाळेत व्हायचं ते झालं.

लेक त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, मी तुमची मुलगी आहे की तुमच्या लेखातला उतारा?"

गुरुजी हसले. "अगं, तुझ्यामुळे कितीतरी आईबापांना धीर आला."

"मग त्यांना म्हणावं, गाणं पण तुम्हीच म्हणा." त्या दिवसापासून तिनं गायनमंडळ सोडलं. पुढच्या मननाचा विषय होता, रुसलेल्या मुलांची मनं कशी जिंकावीत.

तरीही बाई गप्प होती. मला वाटायचं, हिला रागच येत नाही. मी चुकलो होतो. ती राग साठवत होती.

लेकीच्या आधी बाईला एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात झाला आणि दोनच दिवस जगला. त्या दोन दिवसांत तिनं त्याला एक नाव ठेवलं होतं. ते नाव तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, स्वतःच्या आईलाही नाही. एका शनिवारी गुरुजी तेच सगळं, नावासकट, सांगू लागले आणि बाईची बोटं अक्षरांवर थांबली.

"हे नाव नको," ती म्हणाली.

"अगं, तेच तर काळजाला भिडतं. नाव नसेल तर कोरडं वाटेल."

"ते माझं आहे."

"देवापुढं माझं-तुझं काय गं? किती आया रडत असतील, त्यांना आधार मिळेल. शिवाय उद्या त्याच्यावरचं नवं गाणं म्हणणार आहे. लोकांना आधी कळायला नको?"

"त्यांना कळायला नको."

"टाइप कर गं. तालमीला उशीर होतोय." ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, ती टाइप करेपर्यंत हलले नाहीत.

मित्रांनो, त्या दिवशी मी ते नाव एकशेसाठ वेळा छापलं. कागद अडकवायचा होता, पण मी अडकवला नाही. त्याची मला आजही लाज वाटते. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही.

रविवारी बायकांनी बाईला गराडा घातला. कुणी हात धरला, कुणी डोक्यावरून हात फिरवला, एकीनं कुठल्या डॉक्टरकडे जायला हवं होतं तेही सांगून टाकलं. फाटकापाशी एका गृहस्थानं ते नाव मोठ्यानं उच्चारलं आणि "छान नाव होतं हो" म्हणाला. आत गुरुजींनी गाणं म्हटलं. तिसऱ्या ओळीत 'रिकामी ओंजळ' असे शब्द होते. तिथं त्यांचा आवाज फुटला आणि सगळं मंदिर मुसमुसलं. दोन ठिकाणांहून त्यांना गाण्याचं आमंत्रण आलं. पुढच्या रविवारी लोकांनी तेच गाणं मागितलं. आवाज पुन्हा तिसऱ्याच ओळीला फुटला.

त्यानंतरच्या शनिवारी बाई आली तेव्हा तिची चाल वेगळी होती. गुरुजींनी नम्रतेवर मनन सांगितलं. तिनं निमूटपणे टाइप केलं. ते तालमीला गेले. तिनं ती स्टेन्सिल काढून टेबलाच्या खणात ठेवली, नवीन घेतली आणि मान वर न करता बडवत सुटली. एकही चूक नाही. मग ती माझ्याकडे आली, पिंपावर स्टेन्सिल ताणली, आणि पहिला कागद बाहेर आला तेव्हा मी वाचला. मथळा तोच, 'आठवड्याचं मनन'. पद्धतही हुबेहूब गुरुजींची.

'या आठवड्यात देवानं मला माझ्या पतीकडून धडा दिला. मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते कपाटाच्या आरशासमोर आपलं नवं गाणं म्हणत होते. तिसऱ्या ओळीला आवाज फुटला. ते थांबले आणि स्वतःशी म्हणाले, "जरा उशिरा झालं." पुन्हा म्हटलं. या वेळी फार लवकर झालं. पाचव्या खेपेला बरोबर जागेवर आलं. मी दारातूनच चहा परत नेला. आपली मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा हेच पती दोन रात्री चाल बांधायला मित्राकडे राहिले होते, तेही मला आठवलं. मी रागावले नाही. मेहनतीशिवाय अश्रूसुद्धा जमत नाहीत, हे मी शिकले. आपणही आपापल्या घरी हा प्रयोग करावा.'

खाली सही, 'गुरुजींची पत्नी'.

मित्रांनो, त्या दिवशी मी जसा चाललो तसा जन्मात चाललो नव्हतो. एक कागद तिरका गेला नाही, एक अक्षर फिकं आलं नाही. माझ्या डाव्या पायाची शपथ, प्रत्येक फेऱ्याला मला गुदगुल्या होत होत्या.

बाकांवर पत्रकं ठेवायचं काम म्हाताऱ्या रखवालदाराचं. गठ्ठा उचलताना त्याची नजर मागच्या बाजूवर गेली. चष्मा वर करून त्यानं सगळं वाचलं.

"बाई, हे असंच वाटायचं?"

"असंच."

"बरं," तो म्हणाला आणि गठ्ठा छातीशी धरून गेला. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो हसतोय.

रविवारी बाई मंदिरात बसली नाही. माझ्या खोलीत, त्या न लागणाऱ्या दारापाशी उभी राहिली. हात माझ्या हँडलवर. लेक मागच्या बाकावर होती. गुरुजी आपलंच पत्रक कधी वाचत नसत, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं. सगळी मंडळी पत्रकं उलटी धरून खाली मान घालून बसलीय एवढंच त्यांना दिसलं. ते खूश झाले असावेत.

गाणं सुरू झालं. सुरुवातीला पेटीवाला एकटा वाजवत होता, तेवढ्यात गुरुजींनी समोरच्या स्टँडवरचं पत्रक सहज उलटलं. मी त्यांना वाचताना पाहिलं. वरून खाली, मग पुन्हा वरून. पेटीवाल्यानं ओळ दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. शेवटी त्यांना गावंच लागलं.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. सगळ्या माना वर झाल्या. एवढी माणसं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, जणू दोरीवरून चालणारा आता पडतो की मग.

तिसऱ्या ओळीला गुरुजींचा आवाज आलाच नाही.

फुटला नाही, चिरकला नाही, आलाच नाही. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज कुठंच नाही. कुठल्यातरी बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "जरा उशिरा झालं." आणि मंदिर हसलं. आधी दबकून, मग खळखळून. लेकही हसली. आणि मग तिचा चेहरा उतरला.

माझ्या हँडलवरची बाईची मूठ घट्ट झाली. खोटं रडताना गुरुजींचा आवाज फुटायचा. खरं रडताना त्यांना आवाज नसायचा. हे तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाळाच्या त्या दोन दिवसांनंतर. त्या सगळ्या माणसांत हा फरक कळणारी ती एकटी होती. तिनं दाराबाहेर एक पाऊल टाकलं. मग ते पाऊल मागं घेतलं आणि तिथंच उभी राहिली, गाणं आपोआप बंद पडेपर्यंत.

दुपारी मंदिर रिकामं झाल्यावर गुरुजी खोलीत आले. मला वाटलं, आता लाथ बसते. ते माझ्याजवळच्या स्टुलावर बसले.

"आजचं खरं होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग सांग ना लोकांना! तू लिही. तुझं ऐकतील."

"नाही सांगणार."

"इतका राग?"

"इतका," बाई म्हणाली. "त्याचं नाव आता कुणीही घेतं. भाजी निवडता निवडता घेतात. ते मला परत आणून द्या, मग मी तुमचं रडणं परत आणून देते."

मंदिराचे प्रमुख असलेल्या पाळकसाहेबांनी दोघांनाही बोलावून चार शब्द सुनावले. मनन बंद पडलं. दोन्ही आमंत्रणं आपसूक विरली.

मनन पुन्हा सुरू करायचं म्हणून गुरुजींना नंतर एक नवीन सवय लागली. शनिवारी यायचे आणि आधी विचारायचे. "तू परवा शेजारणीला मदत केलीस, त्यावर लिहू?" "नको." "लेकीच्या शाळेबद्दल?" "तिला विचारा." लेकही नकोच म्हणायची. "बरं, निदान त्या हरवलेल्या छत्रीबद्दल?" "नको." "अगं, छत्रीचं काय बिघडतंय?" "छत्री माझी होती." दहा शनिवार बाई नको म्हणाली. खरं सांगतो, तिला त्यात मजा येत होती. मलाही.

अकराव्या शनिवारी ते म्हणाले, "मग आरशाबद्दल लिहू का? तो मीच होतो."

बाईनं खुर्ची सोडली. "बसा. स्वतः टाइप करा."

त्यांनी दोन बोटांनी तीन तास टाइप केलं. आरसा, पाच खेपा, मित्राकडच्या दोन रात्री, लेकीचं प्रगतिपुस्तक, सगळं. नाव कुठंच नव्हतं. बाईनं स्टेन्सिल उजेडात धरून वाचली. चौदा चुका होत्या. तिनं एकही सुधारली नाही. फक्त शेवटची ओळ तिनं दुरुस्तीच्या गुलाबी द्रवानं बुजवून टाकली. ती ओळ होती, 'त्या रविवारी मी खरंच रडलो.'

"एवढीच एक तर माझ्या बाजूची होती!" गुरुजी म्हणाले.

"तेवढी छापायची नाही," बाई म्हणाली. "ती घरात राहू दे." आणि तिनं स्टेन्सिल माझ्या पिंपावर चढवली.

मित्रांनो, आता मी एका अडगळीत असतो. शाई वाळून दगड झाली आहे, रबर चिरलं आहे. माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या शाळेत सापडलं तर त्याला लाथ मारू नका, फडकं मारा. आणि आपल्या माणसाचं काही चारचौघांत सांगायचं झालं, तर आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर गप्प बसा.