उजवी बाही

"हलू नकोस रे, स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. तोंडात टाचण्या असल्यामुळे वडिलांचे शब्द दातांतून गाळून यायचे. "बँकेच्या मॅनेजरसमोर उभा राहशील. खंडोजी शिंप्याचा मुलगा आणि बाही अशी लोंबती?"

मी हलत नाही असं मला वाटत होतं, पण त्या दिवसांत माझा डावा पाय आपोआप थरथरायचा. जेवताना, वाचताना, गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा.

"डावी झाली," अण्णा म्हणाले. त्यांनी बाहीच्या आकाराचा बेताचा कागद उचलला, उलटा केला आणि कापडावर ठेवला. "आता उजवी."

"उलटा का ठेवलात?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. शिंप्याच्या घरात वाढूनही मी सुई कधी धरली नव्हती. माझं सगळं आयुष्य पुस्तकात.

"अरे, सुलटा ठेवला तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतील. एम.एस्सी.त हे शिकवत नाहीत वाटतं."

ही पासष्ट सालची गोष्ट. कानडी मुलखातल्या चिकपेट या बाजारपेठेत खाली आमचं दुकान आणि वर घर. मामांनी शब्द टाकून बँकेत माझी जागा ठरवली होती आणि सोमवारी मला हजर व्हायचं होतं. हा कोट त्यासाठीच होता. पण त्याच वर्षी मल्लेश्वरमच्या पलीकडच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर आला होता. विद्यापीठातल्या गणिताच्या आम्हा काही मुलांना तिथे प्रोग्राम लिहायला शिकवत होते. ज्याचा पहिला प्रोग्राम यंत्रावर नीट चालेल त्याला वर्षभर ठेवून घेणार होते, बाकीच्यांनी आपापल्या वाटेने जायचं होतं. माझी पाळी शनिवारी सकाळी होती.

"हे शिकून माणूस पुढे काय होतो?" अण्णांनी एकदा विचारलं होतं. वकिली शिकला की वकील, वैद्यकी शिकला की डॉक्टर, त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. आपण हुशार आहोत म्हणून तिकडे जातो आहोत की बँकेच्या काउंटरवर माणसांशी बोलावं लागेल म्हणून पळतो आहोत, हेच मला ठरवता येत नव्हतं.

आमचा प्रोग्राम कागदाच्या अरुंद पट्टीवर असायचा. टाइपरायटरसारख्या यंत्रावर एकेक अक्षर दाबलं की पट्टीवर आडवी भोकं पडत. मधून बारीक भोकांची सलग रेघ जायची, तिच्या वरच्या अंगाला तीन भोकांची जागा आणि खालच्या अंगाला दोन. ती पट्टी कॉम्प्युटरने वाचायची. माझी पट्टी वर्गमुळं काढण्याची होती, दोन हात लांब. शुक्रवारी मी ती पुन्हा तपासायला घरी आणली, तपासली, परत गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि शेवटी जिवाला चैन पडेना म्हणून खिडकीत ठेवून लालबागेपर्यंत सायकल मारून आलो.

परत आलो तर खिडकी रिकामी.

"अक्का, इथली कागदाची पट्टी पाहिलीस?"

सगुणाअक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. भरतकाम तिच्याइतकं आमच्या पेटेत कोणी करत नसे. तिने मान वर केली आणि हसली. तिच्यापुढे चंद्राच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, लग्नातल्या पोलक्याचं हिरवं रेशीम पसरलेलं होतं.

"बरी आणलीस हो. चंद्रा म्हणाली, दादाने माझ्यासाठी नक्षी आणलीय. ये, बघ तर!"

नक्षी उतरवायची तिची रीत मला माहीत होती. भोकं पाडलेला कागद कापडावर ठेवायचा, खडूची पूड रॉकेलात कालवून बोळ्याने वरून फिरवायची, की खाली ठिपके उठतात. त्या ठिपक्यांवर मग टाके. तिने माझी पट्टी तीन तुकडे करून वापरली होती: पहिला डाव्या बाहीला, मधला गळ्याला आणि शेवटचा उजव्या बाहीला. माझा प्रोग्राम हिरव्या रेशमावर पांढऱ्या ठिपक्यांनी उमटला होता.

"पण कसली रे ही नक्षी? एक ठिपका दुसऱ्यासारखा नाही. बाह्या काही जुळेनात."

"तुकडे कुठे आहेत?"

"न्हाणीतल्या चुलीत घातले. रॉकेलाचा कागद काय पेटीत ठेवायचा?"

कागदावर लिहिलेला प्रोग्राम माझ्याकडे होता, पण जुना. शेवटचे कितीतरी बदल मी संस्थेत बसल्या बसल्या थेट पट्टीत केले होते आणि ते उतरवून घ्यायचे राहिले होते. ते आठवायला बसलो तर एक आठवायचा आणि दुसरा निसटायचा.

"काय झालं रे? चेहरा का असा?"

"अक्का, हे कापड मला उद्या सकाळपुरतं दे."

"लग्नाचं कापड? कॉलेजात?" तिने माझ्याकडे पाहिलं. माझा पाय थरथरत होता. "घेऊन जा. पण डाग पाडशील तर तुझ्या लग्नात तुला बिनबाह्यांचा सदरा शिवीन."

शनिवारी कापड वर्तमानपत्रात गुंडाळून मी सायकलीला बांधलं. चपला बाहेर काढून संस्थेच्या त्या गार खोलीत शिरलो. मुलं होती, आमचे शेषगिरी सर होते. भोकं पाडायच्या यंत्रापाशी मी कापड उलगडलं तेव्हा कान तापून लाल झाले असावेत.

"अरे येसाजी!" हयवदन कानडीत ओरडला. तो माझ्याच वर्गातला, जीभ फार तिखट. "कॉम्प्युटरची ओटी भरायला आलास काय? नारळ कुठाय?"

सगळे हसले. गुंडाळून घरी जावंसं वाटलं. तशी सवयच होती मला.

"हे काय आहे?" शेषगिरी सरांनी विचारलं.

"प्रोग्राम आहे, सर."

त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून गळा पाहिला, मग बाही पाहिली, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी ठिपके वाचत गेलो आणि एकेक अक्षर दाबत गेलो. डावी बाही, गळा, उजवी बाही. प्रत्येक ठिकाणी रेघेच्या वर तीन, खाली दोन, सगळं बरोबर दिसत होतं. पट्टी तयार झाली आणि सरांनी ती यंत्राला लावली. ती सरसर आत गेली आणि शेवटच्या भागात आल्यावर यंत्र थांबलं.

"चूक आहे," सर म्हणाले. "वेळ थोडाच उरलाय."

मी उजव्या बाहीचे ठिपके पुन्हा ताडून पाहिले. पट्टीशी तंतोतंत जुळत होते. मग चूक माझ्या प्रोग्राममध्येच होती. म्हणजे मला येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं. सोमवारी बँक. एकाएकी सगळं सोपं झाल्यासारखं वाटलं. पाय थरथरत होता. हलू नकोस, असं मी त्याला मनातल्या मनात म्हणालो आणि मला टाचण्यांमधून गाळून येणारा तो आवाज आठवला. उजवी.

अक्काने बाह्या जुळवायला म्हणून नाही, हाताच्या सवयीने कागद उलटा ठेवला असणार. आमच्या घरात उजव्या बाहीला कागद उलटाच ठेवतात. वरचे तीन वरच राहिले होते, पण सुरुवात शेवटाला गेली होती.

"सर, ही बाही दुसऱ्या टोकाकडून वाचायची आहे," मी म्हणालो. एवढं मोठ्याने मी त्या खोलीत आधी कधी बोललो नव्हतो.

"पाळी संपली तुझी. आता हयवदनची."

मी हयवदनकडे पाहिलं.

"बघतोस काय नुसता?" तो म्हणाला. "घे माझा अर्धा वेळ. पण हे पोलकं मला लग्नात पाहायचंय. जेवणासकट!"

मी बाही उलट्या टोकाकडून टंकली. या वेळी पट्टी शेवटपर्यंत आत गेली. यंत्र थोडं थबकलं, मग छापू लागलं. वर्गमुळं एकाखाली एक येत राहिली. सरांनी दोन-तीन आकडे बोटाने तपासले. "सरी, बरोबर आहे," ते म्हणाले. "सोमवारी ये."

"सर," मी दारातून परत फिरलो. "हे शिकून पुढे काय होतं?"

"कुणास ठाऊक! मी स्वतः गेल्या वर्षी शिकलो," ते म्हणाले आणि पुढची पट्टी लावू लागले.

घरी जाताना मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही असेल. पण मॅजेस्टिक टॉकीजपाशी मी दोनदा उतरून कापड तपासलं आणि अण्णांना सांगायचं वाक्य मनात जुळवून तितक्याच वेळा मोडलं.

रविवारी कोट शेवटचा अंगावर घालून पाहायचा होता. उजवी बाही नुसत्या टाचण्यांवर होती.

"अण्णा, मी उद्या बँकेत जात नाही."

त्यांचा हात थांबला. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. मामांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. अक्का कोपऱ्यात पोलक्याच्या पहिल्या बाहीचे टाके घालत होती. तिची सुईही थांबली.

"पुढे काय होतं, ते विचारलंस?"

"विचारलं. त्यांनाही माहीत नाही."

अण्णांनी कोटाच्या कापडावरून बोट फिरवलं.

"तिथे कोट घालतात का?"

"यंत्रासाठी खोली फार गार ठेवतात."

"मग अस्तर जाड लावायला हवं," ते म्हणाले आणि माझा उजवा हात धरून वर उचलला. "आणि हलू नकोस."

मी हलणार नाही असं म्हणालो. पाय थरथरतच होता.