केल्विनची नजर

अथांग समुद्रासमोर उभं राहिलं की माणसाला आपल्या क्षुद्रपणाची जाणीव होते आणि मन विशाल होतं. केल्विन ट्रँटर पहाटे साडेपाचला समुद्रासमोर उभा राहायचा, कारण कॅरव्हॅन पार्कातल्या न्हाणीघराला साफसफाईसाठी सहापर्यंत कुलूप असायचं.

"काय म्हणतोस?" शेजारी उभ्या नेव्हिलनं लाटांवरची नजर न काढता विचारलं.

केल्विननं डोळे बारीक केले. "डावीकडे जरा लवकर फुटतायत."

"तेच म्हणत होतो मी," नेव्हिल म्हणाला. तो काहीही म्हणत नव्हता.

टेकाडावरच्या लाकडी कठड्याशी रोज सातआठ जण जमत. सगळे साठीच्या आसपासचे, सगळ्यांच्या मोटारींच्या टपावर सर्फिंगच्या फळ्या. ते कॉफी पीत, लाटांकडे बघत, काल काय लाटा होत्या म्हणून हळहळत आणि फळ्या कोरड्या ठेवून घरी जात. कालही ते हेच करत होते.

सात वर्षांपूर्वी केल्विन इथं प्रथम उभा राहिला, तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "उतरणार का?" तो म्हणाला, "आज नाही." त्याचं गाव बिंडारा, किनाऱ्यापासून सात तास आत, कोरड्या मुलखात. तिथली नदी तीन वर्षांतून एकदा वाहायची. केल्विनला पोहता येत नव्हतं, पण ते सांगायचं तर वाक्य जरा लांब झालं असतं. कठड्यावर मात्र त्या दोन शब्दांचा अर्थ एकच होता: हा माणूस भलत्यासलत्या लाटेला हात लावत नाही. दर वर्षी पाच दिवसांची सुट्टी, रोज पहाटे तेच उत्तर. त्याचा दबदबा वाढत गेला. बिंडाऱ्यात नळ कोरडा पडला की लोकांना तो आठवायचा. इथं लोक त्याचं मत विचारायचे.

यंदा कठड्याशी एक जागा रिकामी होती. क्लाइव्ह, निवृत्त पोस्टमन, हिवाळ्यात गेला होता. गुरुवारी त्याची बायको ग्लेनिस कुत्र्याला घेऊन वर आली.

"शनिवारी सकाळी क्लाइव्हला सोडायचंय," ती म्हणाली. "सर्फिंगवाल्यांच्या रीतीप्रमाणे. सगळ्यांनी फळ्यांवरून आत जायचं, गोल करायचा, फुलं टाकायची. आणि केल्विन, राखेचा डबा तू न्यायचास."

"मी?"

"लिहून ठेवलंय त्यानं. त्याची फळीही तुलाच दिलीय. म्हणायचा, त्या माणसाइतका समुद्राचा मान कुणी राखत नाही."

कठड्यावरच्या सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. केल्विनचीही हलली.

त्याची बायको नोरीन कॅरव्हॅनबाहेर टोस्टला लोणी लावत होती. तिनं सगळं ऐकलं आणि सुरी खाली ठेवली.

"अरे, तू टबात उतरताना कड धरतोस!"

"माहितेय मला."

"मग सांगून टाक की. येत नाही म्हण पोहायला. त्यात काय चोरी आहे?"

"सात वर्षं झाली, नोरीन."

"मग बुड. मी गाडी चालवत जाईन परत. माझी पाठ कामातून गेली तरी चालेल."

शुक्रवारी तो नेहमीपेक्षा आधी, उजाडता उजाडता खाली वाळूत उतरला. आसपास कुणी नव्हतं. कामावरची चड्डी घालून तो गुडघाभर पाण्यात गेला, मग मांडीभर. गार पाण्यानं श्वास अडला. पुढची लाट विशेष मोठी नव्हती; कठड्यावरून त्यानं तिला पोरकट म्हटलं असतं. तिनं त्याला उलटा केला, नाकातोंडात वाळू भरली आणि किनाऱ्यावर आणून टाकला. डोळे उघडले तर समोर कुत्रा आणि कुत्र्यामागे ग्लेनिस.

"काय करतोयस?"

केल्विन उठून बसला. "ग्लेनिस, मला पोहता येत नाही."

"आज गारच आहे फार."

"गार नाही. मुळातच येत नाही. कधीच येत नव्हतं."

 कुत्रा त्याचा कान चाटू लागला.

"मग सात वर्षं तिथं उभा राहून बघत काय होतास?"

केल्विननं तोंडातली वाळू थुंकली. "पाणी. चौतीस वर्षं मी दोनदोनशे फुटांवरून पाणी वर ओढतोय. पंप उतरव, पाइप जोड, वायसर बदल, तेव्हा कुठं गढूळ धार येते. ती आली की म्हातारी माणसं टोप्या काढतात. आणि इथं... कुणी बटणसुद्धा दाबलेलं नाही, आणि येतंय आपलं. मी बंद पडायची वाट बघतो. पडत नाही."

ग्लेनिस त्याच्याशेजारी ओल्या वाळूत बसली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं बाहीनं डोळे पुसले.

"क्लाइव्हचा खांदा नऊ वर्षांपूर्वीच गेला होता," ती म्हणाली. "हात वर जात नव्हता. रोज घरी येऊन सांगायचा, केल्विनसुद्धा उतरला नाही, मग आपण काय! आणि खुशाल अंडी खायचा. तू गेलास की उरलेलं वर्ष, केल्विन असता तर उतरला नसता, म्हणायचा. तुझ्या जिवावर जगला रे तो."

केल्विननं कानातली वाळू झटकली.

"त्यांना सांगू नकोस," ती उठताना म्हणाली. "पाठ धरली म्हण. त्या सगळ्यांचंच काही ना काही धरलेलं असतं."

शनिवारी सगळे वाळूवर जमले. सात वर्षांत प्रथमच फळ्या टपावरून खाली आल्या होत्या. ताणून चढवलेल्या रबरी पोशाखांतून पोटं पुढे आली होती. नेव्हिलनं डबा केल्विनपुढे धरला.

"माझी..." केल्विन म्हणाला आणि थांबला. ग्लेनिस कुत्र्याचा पट्टा विनाकारण नीट करत होती. "मला पोहता येत नाही, नेव्हिल. कधीच येत नव्हतं."

 एकानं घसा खाकरला. नेव्हिलनं केल्विनकडे बघितलं, मग समुद्राकडे, मग डबा काखेत मारला.

"बरं झालं," तो म्हणाला. "चाव्या कुणाकडे द्यायच्या याचाच घोळ चालला होता."

त्यानं मोटारीची चावी केल्विनच्या हातात ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली. मग चष्मे आले, कानातली यंत्रं आली, रुमालात गुंडाळून कुणाचीतरी कवळी आली. केल्विननं सगळं टोपीत घेतलं. पाण्याच्या काठाशी मात्र सगळी फौज अडली. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, आणि शेवटी सगळे मागे वळून केल्विनकडे.

"थांबा," केल्विन म्हणाला. "दोन मोठ्या जाऊ देत. अजून एक आहे मागं." ती तिसरी येऊन फुटली, फेस त्याच्या बुटांपर्यंत आला. पलीकडे पाणी सपाट झालं. "आता. आता जा!"

ते गेले. कण्हत, शिव्या देत, फळ्यांवर पालथे पडून हातांनी पाणी मारत, पण गेले. एकही उलटला नाही. लाटांपलीकडे हळूहळू वेडावाकडा गोल तयार झाला. हात हातात गेले. फुलं पडली. केल्विनच्या टोपीतलं एक कानातलं यंत्र बारीक शीळ घालत होतं. त्यानं दुसऱ्या हातानं टोपी झाकली आणि सगळे परत येईपर्यंत तसाच उभा राहिला.

नेव्हिल सगळ्यांत आधी बाहेर आला, धापा टाकत, निळ्या ओठांनी.

"कसं झालं?" केल्विननं विचारलं.

"छान झालं," नेव्हिल म्हणाला आणि टोपीत चावी शोधू लागला. "ओहोटी होती. निम्मे उभेच होते, छातीभर पाण्यात."