मरियम कोचची रिकामी जागा

मरियम कोच आल्या आणि पहिले दोन आठवडे त्यांनी मुलींच्या पायाला बॉल लागू दिला नाही. खरंच सांगते! दुबईतल्या कॉलेजच्या टर्फवर त्यांनी कॅन्टीनमधल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, त्यांना डिफेंडर म्हणायला लावलं आणि सातही जणींना त्या खुर्च्यांमधून नुसतं पळवलं. सूर्य बुडाला तरी हवा भट्टीसारखी. मुलींच्या तोंडाला फेस आला.

"ही फुटबॉल कोच आहे की संगीत खुर्ची घेणारी बाई?" आभा गाडीत बसल्या बसल्या म्हणाली.

आभा टीमची स्ट्रायकर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या सीटवर तिची धाकटी बहीण शुभ्रा, बारावीतली. शुभ्राचा क्लास कॉलेजच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये सहाला सुटायचा आणि आई दोघींना घ्यायला साडेसातला यायची, म्हणून मधला दीड तास शुभ्रा टर्फच्या कडेला फिजिक्सचं पुस्तक उघडून बसायची. उघडून, एवढंच. बाकी नजर खुर्च्यांवर.

नवी कोच अटॅक कसा करणार, हा त्या दिवसांत कॅन्टीनमधला एकमेव विषय होता. जुन्या कोचचा अटॅक सोपा होता: बॉल उंच मारा, पुढचं आभा बघून घेईल. आभा बिचारी एकटी काय बघून घेणार? तीन वर्षांत टीमने फायनलचं तोंड पाहिलं नव्हतं. मरियम कोच इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून आल्या त्याच सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. स्पोर्ट्स डायरेक्टर सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "या वर्षी फायनल, इन्शाल्ला," आणि असे हसले की त्यातली धमकी पोरींनाही कळली. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की देश सोडायला मोजके दिवस, हे इथल्या प्रत्येक घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी कळतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा कोच अचानक वळल्या. त्या इंग्रजीच बोलायच्या, मध्येमध्ये अरबी टाकत. "ए, पुस्तकवाली! तिथून काय दिसतंय?"

आता ही शुभ्रा म्हणजे हजेरीच्या वेळी 'प्रेझेंट मिस' म्हणतानाही कानापर्यंत लाल होणारी मुलगी. तिने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं.

"आभा मागे येते," ती कशीबशी म्हणाली, "तेव्हा ती मधली खुर्ची पण तुम्ही ओढत तिच्या मागे आणता. मग खुर्ची होती तिथे काहीच उरत नाही."

"मग?"

"मग तिथे," शुभ्राने कडेच्या खेळाडूकडे बोट केलं, "शिवानीने पळायचं. डावीकडून. सगळे आभाकडे बघत असताना."

कोचनी डोक्यावरची कॅप काढली, घाम पुसला आणि सातजणींकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत? माझा सगळा अटॅक एवढाच आहे. गोल पुढे उभं राहून होत नाही. मागे या, डिफेंडरला घेऊन या, आणि जागा रिकामी करून द्या. यल्ला, चला, आता बॉल आणा."

त्या दिवसापासून शुभ्रा पार बदलूनच गेली. ती मोबाइलवर प्रॅक्टिस शूट करायला लागली, वहीत बाण काढायला लागली, शाळेत हात वर करायला लागली. वादविवादात तिने नीरवला, म्हणजे सलग दोन वर्षं ट्रॉफी नेणाऱ्या मुलाला, असं गप्प केलं की टीचर उभ्या राहून हसल्या. घरी आई म्हणायची, "अगं, जरा श्वास घे बोलताना!" आणि शुभ्रा म्हणायची, "कशाला?"

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेने टिपली. मागे यायच्या आधी आभा दोन्ही तळहात शॉर्ट्सला पुसायची. तिला स्वतःला पत्ता नव्हता. शुभ्राने सांगितल्यावर कोच खो-खो हसल्या, आणि तोच इशारा ठरवून टाकला. आभाने हात पुसले की शिवानीने पळायचं. ओरडायला नको, खुणा नकोत. तीन मॅचमध्ये अकरा गोल झाले, त्यातले सहा शिवानीचे. दिल्लीची शिवानी आभाला म्हणायला लागली, "यार, तू हाथ पोंछती है और मेरा नाम पेपर में आता है!"

अशा वेळी मराठी मंडळाच्या ई-पत्रिकेचे सुरेशकाका शुभ्राला म्हणाले, "युवा कट्ट्याचं पान रिकामं आहे गं. लिही काहीतरी, तुला आवडेल ते."

आवडेल ते! शुभ्राने दोन संध्याकाळी बसून लिहिलं, 'नव्या कोचबाईंचा अटॅक कसा असतो?' खुर्च्या लिहिल्या, रिकामी जागा लिहिली, आभाचे तळहातही लिहिले, कारण खरी गंमत तिथेच होती ना. मराठीत होतं. मराठी कोण वाचणार? डायरेक्टर नाही, दुसऱ्या कॉलेजांचे कोच नाहीत. आभासुद्धा नाही, तिने मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चौथीतच फुटबॉलसाठी सोडला होता. इथे मराठीत लिहिणं म्हणजे आपल्या खोलीचं दार लावून बोलणं, असं शुभ्राला वाटलं.

मंडळाच्या ग्रुपवर दोनशे बारा माणसं होती. टाळ्यांचा नुसता पाऊस. आईने, म्हणजे मृणालिनीबाईंनी, तो लेख अभिमानाने आपल्या जुन्या शेजारणींच्या ग्रुपवरही टाकला. तिथे शोभनामावशीचं उत्तर आलं: 'किती गोड लिहिलंय पोरीने! आज मिहिकाला वाचून दाखवते.' शोभनामावशी पूर्वी बर दुबईत यांच्याच मजल्यावर राहायची. काकांना बंदरात नोकरी लागली तशी मंडळी पलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानला गेली. आईने ते उत्तर शुभ्राला दाखवलं आणि शुभ्राने आईच्याच फोनवरून त्याला लाल बदाम दिला.

चार दिवसांनी सेमीफायनल ठरली. समोर खोर फक्कानचं कॉलेज होतं, आणि त्यांच्या बचावात मधोमध खेळणारी मुलगी म्हणजे शोभनामावशीची मिहिका. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. शुभ्राच्या डोक्यात मिहिका अजून दांडियात समोरचा दात पाडून घेणारी मुलगी होती. लेख एकीकडे, मॅच दुसरीकडे.

मॅचच्या दिवशी बस डोंगरांतल्या बोगद्यांमधून गेली. मुली गाणी म्हणत होत्या. ग्राउंडवरून बंदरातल्या उंच क्रेन दिसत होत्या आणि समुद्राचा खारट, ओलसर वास येत होता. मृणालिनीबाई आणि शोभनामावशी एकमेकींना मिठ्या मारून एकाच बाकावर बसल्या. चिवड्याचा डबा उघडला गेला. शुभ्रा टीमच्या बाकाजवळ, मोबाइल स्टँडवर लावून.

पाचव्या मिनिटाला आभाने तळहात पुसले आणि ती मागे आली.

मिहिका तिच्या मागे आली नाही. जागच्या जागी उभी राहिली, पाय रोवून. शिवानी सुसाट आली ती थेट तिच्या अंगावरच. बॉल गेला.

असं होतं कधीकधी, शुभ्राने स्वतःला सांगितलं. पुन्हा आभाने हात पुसले. आणि या वेळी मिहिका तिच्या उजव्या बाजूच्या मुलीला खच्चून ओरडली, "वाइप! वाइप! शी इज कमिंग!"

शुभ्राने गर्रकन मागे वळून पाहिलं. बाकावर शोभनामावशी आईला सांगत होती, "बघ गं, कशी उभी राहते माझी! तुझ्या शुभ्राचा लेख चारदा वाचून घेतला हिने माझ्याकडून. म्हणाली, मम्मा, पुन्हा वाच." आई हसली. हसता हसता तिचा हात डब्यातच थांबला.

हाफटाइमला एक गोल झाला होता, तो त्यांचा. मुली पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत होत्या. आभाचा चेहरा रडवेला. "मी काहीतरी चुकतेय, कोच. ती मुलगी माझ्या मागे येतच नाही."

मरियम कोच शुभ्राकडे आल्या. दर मॅचला यायच्या तशाच. गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हबीबती, मला कळत नाहीये. तिथून काय दिसतंय?"

शुभ्राने तोंड उघडलं. एक वाक्य होतं. 'त्यांना तळहातांचं माहीत आहे.' पण त्याच्या मागे दुसरं वाक्य उभं होतं, कसं माहीत, हे सांगणारं. सातजणी बघत होत्या. आभा बघत होती. शाळेत नीरवला गप्प करणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

"काही नाही," शुभ्रा म्हणाली. "काहीच नाही दिसत, कोच."

कोचनी मान हलवली आणि त्या उठल्या. "मग हेच चालू ठेवा. जागा सापडेल."

सापडली नाही. दोन शून्य. परतीच्या बसमध्ये कोणी गायलं नाही.

पुढच्या आठवड्यात नोटीस लागली की नवीन सत्रासाठी नवीन कोच येतील. मरियम कोचनी मुलींना टर्फवर बोलावून सांगितलं, "चूक तुमची नव्हती. माझी पद्धतच कच्ची होती. एक हुशार डिफेंडर भेटली आणि सगळं संपलं. पुन्हा कुठे शिकवायला मिळालं तर असं नाही शिकवणार." मुली रडल्या. आभाने बूट काढून पिशवीत भरले आणि नाडीची गाठ अशी आवळली की ती पिशवी परत उघडायचीच नाही.

शुभ्रा मात्र त्या एका वाक्यापाशी अडकली. पद्धत कच्ची होती. ती कच्ची नव्हती! हे सगळ्या टर्फवर फक्त तिलाच माहीत होतं.

शेवटच्या दिवशी कोच स्टोअररूममध्ये सामान मोजून देत होत्या. शुभ्रा दारात उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. पत्रिका, ग्रुप, शोभनामावशी, मिहिका. इंग्रजी शब्द सापडेनात तेव्हा हिंदी घातले. कोच हातातली जर्सी घडी करत ऐकत होत्या.

"कोच, तुमचा अटॅक बरोबर होता. तो मी फोडला."

कोचनी जर्सीची एक बाही आत दुमडली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

शुभ्राला हाच प्रश्न नको होता. "हाफटाइमच्या आधी."

जर्सीची घडी थांबली. कोच खोलीतल्या रिकाम्या फरशीकडे बघायला लागल्या आणि शुभ्राला कळलं, त्यांना तिथे ग्राउंड दिसतंय. "पंचवीस मिनिटं होती," त्या हळू म्हणाल्या. "आभाला सांगितलं असतं, हात पुस आणि जागची हलू नकोस. ती मुलगी शिवानीकडे सरकली असती. आभा एकटी. समोर फक्त गोलकीपर." बोटाने त्यांनी हवेत एक छोटी रेघ ओढली. "एकदा तरी झालं असतं. कदाचित दोनदा."

"सॉरी, कोच."

"लेख तू आनंदाने लिहिलास. ते मी समजू शकते." त्यांनी घडी पूर्ण करून जर्सी गठ्ठ्यावर ठेवली. "आभाला माहीत आहे?"

"नाही."

"तिला वाटतंय ती वाईट खेळली. मी नाही सांगणार. खलास, जा आता, तुझी आई वाट बघत असेल."

आई खरंच खाली गाडीत होती. मॅचच्या रात्रीच तो लेख तिने ग्रुपवरून काढायचा प्रयत्न केला होता, पण तोवर उशीर झाला होता. शुभ्रा मागच्या सीटवर आभाशेजारी बसली. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला सांगायचंय." आणि सांगितलं. हाफटाइमसकट.

आभा ओरडेल, मारेल, असं तिला वाटलं होतं. तिला ते चाललंही असतं. आभाने फक्त हात पुढे केला. "आई, तुझा फोन दे."

तिने लेख शोधला. मोठा केला. शब्दांखाली बोट धरून, एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत ती वाचू लागली. घर येईपर्यंत तिचे जेमतेम दोन परिच्छेद झाले. पार्किंगमध्ये आईने इंजिन बंद केलं, एसी थांबला, तरी कोणी उतरलं नाही. गाडी तापत चालली.

"हे काय आहे?" आभाने न बघता स्क्रीन पुढे केली. बोट एका जोडाक्षरावर अडलं होतं.

"क्लृप्ती," शुभ्रा म्हणाली.

"मीनिंग?"

"ट्रिक."

आभाने मान हलवली आणि बोट पुढच्या शब्दाखाली ठेवलं. अजून अर्धं पान बाकी होतं.