मधले अकरा सेकंद

मित्रांनो, कारखान्याने मला नाव दिले नाही. पाठीवर फक्त एक आकडा कोरला. मी चित्रफिती जोडण्याचे जुने यंत्र आहे. मला दोन तोंडे आहेत. डावे तोंड कॅमेऱ्यातून आलेली टेप गिळते आणि उजव्या तोंडात नवी टेप तयार होते. दोन्हींच्या मध्ये बशीएवढे एक चाक आहे. ते बोटाने फिरवले की वरच्या पडद्यावर चित्रे एकेक करून पुढे सरकतात, एका सेकंदाला पंचवीस. लोक म्हणतात, हे यंत्र चित्रे कापते. ते खरे नाही. मी काहीच कापत नाही. डावीकडचे हवे तेवढे उजवीकडे उतरवते. नको असलेले डावीकडेच राहते. ही गोष्ट लक्षात असू द्या. एका माणसाचा जीव तिच्यावर टांगलेला होता.

माझी उमर नारिन मुलखातल्या काराबुलुन गावात, शारबेकच्या घराला लागून असलेल्या मातीच्या खोलीत गेली. मला भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यामुळे माझ्यापुढे बसणाऱ्याचे तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे असे. शारबेक गाण्यांना चित्रे लावायचा. तरुणपणी तो कोकबोरू खेळला होता. मुंडके छाटलेला बोकड घोड्यावरून हिसकावून न्यायचा आणि समोरच्या मातीच्या कुंडात आदळायचा, असा तो खेळ. त्यात त्याची तीन बोटे मोडून वाकडीच जुळली होती. त्याच बोटांनी तो माझे चाक लोण्यासारखे फिरवी, आणि टेप अडकली की त्याच हाताने माझ्या डोक्यात गुद्दा घाली. माझा डावा कोपरा अजून चेपलेला आहे.

"घोडा आणि यंत्र, मार खाल्ल्याशिवाय दोघांनाही मालक कळत नाही," तो म्हणे.

"घोडा निदान लाथ तरी घालतो, बाबा," त्याची मुलगी ऐजारकिन म्हणे. ती तेहतीस वर्षांची होती. शहरात शिकून परत आली होती आणि बापाच्या शेजारी बसून त्याची विद्या उचलत होती.

ती विद्या मला ऐकून ऐकून पाठ झाली. आधी अख्खे गाणे नव्या टेपवर उतरवायचे. मग डोळे मिटून ते चाळीस वेळा ऐकायचे. चित्रांना हात त्यानंतर. गाण्यात घोडा आला म्हणून चित्रातही घोडा दाखवणे म्हणजे पाहुण्याला त्याचीच टोपी नजराणा देणे, असे शारबेकचे मत होते. "ढोलावर दोन चित्रांचा जोड टाकायला गाढवालाही येतं," तो सांगे. "ढोलाच्या आधी वाजवणारा श्वास घेतो. जोड तिथे टाक." मारामारी दाखवण्याचीही त्याची रीत होती. हात वर जाताना दाखवायचा, ढोल वाजू द्यायचा आणि लगेच उडणारे कावळे दाखवायचे. मार बघणाऱ्याने आपल्या मनानेच खायचा. आणि हे सगळे सांगून झाले की तो नेहमी एक गोष्ट बजावी. "दोन चित्रं शेजारी ठेवली की लोक त्यांचं लग्न लावून मोकळे होतात. त्यांची आधी ओळख होती का, कुणी विचारत नाही. म्हणून आपण विचारायचं."

त्या वर्षी पानगळीत मेलिस नावाचा तरुण गायक आला. त्याचे 'करडा लांडगा' हे गाणे शनिवारी टीव्हीवर जायचे होते. गाण्यात ढोल असा होता की माझ्या अंगातले स्क्रू थरथरत. शारबेकने ठरवले, या गाण्याला आपल्या काराबुलुनचा आणि शेजारच्या चेतसायचा सामना हवा, आणि तोही आतून. छप्पन्नाव्या वर्षी तो खांद्याला कॅमेरा पट्ट्याने आवळून, पांढऱ्या कपाळाच्या घोड्यावर त्या गर्दीत घुसला. ऐजारकिनला त्याने दुसरा कॅमेरा देऊन टेकडीवर उभे केले.

"काय वाटेल ते झालं तरी कॅमेरा हलवायचा नाही. तू हललीस की गाणं मेलं."

पुढचे मी टेपांवरच पाहिले. शारबेकच्या टेपेत घोड्यांच्या छात्या एकमेकांवर आदळतात. कुणाचा ओठ फाटलेला आहे. एका घोड्याचा कान लोंबतो आहे. स्वारांनी चाबूक दातांत धरले आहेत, कारण दोन्ही हात बोकडाला हवेत. बोकडाची एक तंगडी उखडून कुणाच्या तरी हातात राहते आणि तो हसतो, दात लाल. मग चेतसायचा दोरोनबेक चित्रात येतो. तो दातांतला चाबूक काढून उगारतो. चाबूक खाली येतो तेव्हा दोरोनबेकचाच घोडा हिसका खाऊन उजवीकडे चित्राबाहेर जातो. शारबेक डावीकडे वळतो. समोर मोकळे रान, पुढे बोकड घेऊन पळणारा एक स्वार. अकरा सेकंद. मग खाली एक काळे बीळ दिसते, जमीन वर येते, आणि त्यानंतर फक्त आकाश. कॅमेरा उताणा पडलेला. त्यावरून घोडे उड्या मारून जातात. मी सात पोटे मोजली. आठव्याने उडी मारली नाही.

ऐजारकिनच्या टेपेत हेच दुरून दिसते. एक लहानसा माणूस पडतो आणि त्याच्यावरून धूळ जाते. चित्र केसभरही हललेले नाही.

शारबेकला पुरले. रिवाजाप्रमाणे जेवणासाठी घोडा कापला. आमच्याकडे बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि मेलेल्याचा कोशोक गातात. त्याचे जगणे आणि मरणे, दोन्ही त्यात सांगायचे असते. पहिला सूर मुलीचा. ऐजारकिनच्या तोंडून सूर निघाला नाही. पहिल्या दिवशी नाही, सातव्याला नाही.

"शेजारणी घसे फोडतायत," बुरुलचा नावाची तिची आत्या सर्वांदेखत म्हणाली, "आणि पोटची पोर भिंतीतली भोकं मोजतेय."

तिसऱ्या दिवशी तिने दार लावून माझ्यावर दोन्ही टेपा पाहिल्या होत्या. मधले अकरा सेकंद तिने आणि मीच काय ते पाहिले होते. ती कुणाला काही बोलली नाही. बोलणारा दुसराच होता, तिचा काका सागिन.

"चेतसायचे म्हातारेकोतारे काठी टेकत येऊन रडून गेले," तो म्हणायचा. "तो दोरोनबेक तेवढा आला नाही. जो रडायला येत नाही, तोच मारणारा."

"काका, त्याच दिवशी त्याची मांडी मोडली. तो इस्पितळात आहे."

"मांडी मोडली. घसा मोडला नाही ना?"

महिना झाला तसा मेलिस संकोचाने दारात येऊन उभा राहिला. "ताई, बाबांनी हात घातला होता. तुम्ही पुरं कराल का? बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या शनिवारी दाखवतील म्हणालेत." सागिन खोलीत होताच. त्याने स्टूल ओढून तिच्या मागे बैठक मारली.

"चाबूक दाखव," तो म्हणाला. "मग भाऊ पडताना दाखव. एवढंच."

"आणि मधलं?"

"गाण्यात मधलं कुठे असतं, पोरी?"

मित्रांनो, तिने ते केले. बापाच्या टेपेतला उगारलेला चाबूक, लागोपाठ तिच्या टेपेतले ते पडणे. पहिल्या ढोलाला चाबूक, दुसऱ्याला बाप. दोन्ही जोड ढोलाच्या आधीच्या श्वासात, अगदी त्याने शिकवल्याप्रमाणे. उजवीकडे अकरा सेकंदांचे काहीच उरले नाही. डोळ्यांदेखत खून झाला. आणि मला सांगायला लाज वाटते, तो जोड सुंदर होता. इतका नेमका जोड माझ्यावर शारबेकनेही कधी टाकला नव्हता. तिचे बोट चाकावरून निघेना. तिला कुणीतरी मारणारा हवा होता. नाहीतर दोष द्यायला टेकडीवर कॅमेरा धरून स्थिर उभी राहिलेली ती तेवढी उरत होती.

मेलिसचा चेहरा उतरला. "ताई, हे जरा... हे बघवत नाही."

"न बघवायलाच केलंय," सागिन उठत म्हणाला. "शनिवारी अख्खा मुलूख बघू दे. मग आमची पोरं चेतसायला जातील. पेट्रोल आणून ठेवलंय. घर जळालं की तो लंगडत बाहेर येईलच."

शुक्रवारी दुपारी ती एकटी शेवटच्या ओळींवर काम करत होती. दार उघडे होते, गाणे मोठ्याने चालू होते. अंगणात सागिन आणि त्याचे पुतणे चहा पीत बसले होते. इतक्यात गल्लीतून ओरडत एक घोडेस्वार आला. आमच्याकडे रडायला येणारा लांबूनच हंबरडा फोडत येतो.

"माझ्या भावा रे, माझ्या आधारा रे, तुला आता कुठे शोधू!"

तो दोरोनबेक होता. प्लास्टरमधला पाय पुढे ताठ, कमरेला खोगिराशी बांधलेला दोर. त्याला खोलीच्या उघड्या दारातून एका बाईची पाठ दिसली, तोंड भिंतीकडे. त्याला वाटले, मुलगी शोकाला बसली आहे. आत यंत्र आहे हे त्याला काय ठाऊक. तो घराच्या मोठ्या दाराकडे गेलाच नाही. माझ्या दारासमोर घोडा उभा करून तिच्या पाठीकडे बघत तो रडू लागला.

पुतणे उठले. एकाने कुऱ्हाड उचलली. सागिनने हात आडवा धरला, पण त्याचाही चेहरा काळा पडला होता. रडत आलेल्यावर हात टाकायचा नसतो. तो गप्प होईपर्यंत तरी नाही.

स्वयंपाकघरातून आत्या बुरुलचा पिठाच्या हातांनी धावत आली. "ते गाणं बंद कर. दारात रडणारा आहे. त्याला उत्तर दे."

"त्याला, आत्या?"

"रडणाऱ्याला नाव नसतं. दे उत्तर."

ऐजारकिनने कळ दाबली. गाणे थांबले. पडद्यावर उगारलेला चाबूक गोठून राहिला. ती वळली नाही. भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडेच तोंड ठेवून तिने तोंड उघडले, आणि जो आवाज निघाला तो मी कोणत्याही टेपेत ऐकला नव्हता. फाटक्या कापडासारखा आवाज. तिने बापाची वाकडी बोटे गायली. त्याचा गुद्दा गायला. तो मीठ टाकून चहा कसा प्यायचा ते गायले. गात गात ती त्याच्या मरणापाशी आली आणि अडली. कोशोकात खोटे गायले तर मेलेल्याची वाट अडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते.

बाहेर दोरोनबेकचा आवाज बसत चालला होता. पुतण्याने कुऱ्हाडीची मूठ बदलली.

तिने बोट चाकावर ठेवले. माझ्या डाव्या तोंडात बापाची टेप होती. ती एकेक चित्र पुढे सरकवू लागली आणि समोर दिसेल ते गाऊ लागली.

"चाबूक उगारला, बाबा,
तो त्याच्याच घोड्यावर पडला.
तो उजवीकडे गेला, बाबा,
तू डावीकडे वळलास.
रान मोकळं होतं, जवळ कुणी नव्हतं,
पांढऱ्या कपाळाचा बिळात अडखळला.
मी टेकडीवर होते, बाबा,
मी हलले नाही.
तू सांगितलंस म्हणून मी हलले नाही."

शेवटची ओळ तिने किती वेळा गायली ते मी मोजले नाही. सागिन दारात येऊन उभा राहिला. पडद्यावर रान होते, पुढे पळणाऱ्या त्या एका स्वाराशिवाय रिकामे. तो ते बघत राहिला. पुन्हा पुन्हा बघून त्यात मारणारा कुणी सापडेना, तेव्हा तो मागे वळला, पुतण्याच्या हातातली कुऱ्हाड घेऊन त्याने ती लाकडांच्या ढिगाऱ्यात रोवली आणि दोरोनबेकच्या कमरेचा दोर सोडू लागला.

"उतर," तो म्हणाला. "पाय सांभाळ. खांदा धर माझा."

"यायला उशीर झाला, सागिन."

"दिसतंय. चहा निवतोय, चल."

संध्याकाळच्या आत तिने तो जोड पुसला. ढोल होते तसे ठेवले. त्यांना आदळणाऱ्या छात्या, फाटलेला ओठ, उखडलेली तंगडी दिली. गाणे हिंस्र होते, तर चित्रही हिंस्रच राहिले. त्यात खोटे मात्र काही नव्हते. चाबूक कुठेच नव्हता. पडणेही नव्हते. शेवटी ढोल थांबतो आणि कोमुझ या वाद्याच्या तीन तारा तेवढ्या उरतात. तिथे तिने आकाश लावले. आवाज न करता एकामागून एक सात पोटे वरून जातात. मग नुसते आकाश, वीस सेकंद.

मेलिसने पाहिले. "पण ताई, गाण्यात आकाश नाही."

"ते बाबांनी टिपलंय," ती म्हणाली. "त्यांनीही कॅमेरा हलवला नाही."

मित्रांनो, त्याला आता फार वर्षे झाली. मी कोठीत लोकरीच्या नमद्याखाली असते. माझा रबरी पट्टा तुटला आहे आणि तो आता कुठे मिळत नाही. तुमच्या खिशात माझ्याहून चपळ यंत्रे आहेत. गाण्याला चित्र लावायला तुम्हाला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. लावा, खुशाल लावा. फक्त दोन चित्रे शेजारी ठेवताना त्यांच्या मधले काय गळले ते एकदा मागे जाऊन बघा. आणि डावीकडची टेप पुसू नका. तिच्यावर कुणाचे तरी घर उभे असते.

दर पानगळीत ऐजारकिन कोठीत येते. तिचेही केस पिकले आहेत. ती माझी धूळ पुसते, चेपलेल्या कोपऱ्यावर हात ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. पडद्यावर काहीच येत नाही, तरी ती चाक फिरवते. दोनशे पंचाहत्तर चित्रे, सावकाश, एकही न गाळता.