जुनापंप अजून टेबलावर

"गोळी घेतलीत का?"

"घेतो गं. आधी चहा टाकतो. पाच मिनिटांचीच सुट्टी आहे."

"आणि डावा हात?"

"हात जागेवर आहे. काल शेजाऱ्यांची मोटर उचलली ना, त्याचा राग धरून बसलाय." नवरा हसला आणि मध्येच थांबून त्याने श्वास घेतला. "तू तुझ्या बाटल्या सांभाळ. आणि आता फोन करायचा नाही हं. दुसरा टप्पा सुरू होतोय."

"उद्या सकाळी कार्डिओग्राम काढायचा. मी सांगून ठेवलंय."

"काढू. आज जिंकलो तर तुझ्या त्या डॉक्टरलाच पत्ते शिकवतो."

फोन ठेवून ती पुन्हा नमुन्यांकडे वळली. दुपारचे बारा वाजून गेले होते. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत रविवारी ती एकटीच असे. खिडकी नव्हती. रक्तातली द्रव्ये मोजणारे यंत्र, नळ्या गरगर फिरवणारे दुसरे यंत्र आणि एक फ्रिज, तिघांची घरघर तिला आता ऐकूही येत नसे.

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर तो ऑनलाइन पोकर शिकला आणि दर रविवारी तिकडच्या मोठ्या स्पर्धेत उतरू लागला. पडद्यावर त्याचं नाव होतं 'जुनापंप'. एकदा ऐन डावात तिचा फोन आला, त्याचं बोट भलत्या बटणावर पडलं आणि हातातले दोन एक्के गेले. दोन दिवस तो जेवताना गप्प होता. तेव्हापासून घरात नियम झाला: स्पर्धा चालू असताना फोन नाही. त्याचा मोबाइल आवाज बंद करून स्वयंपाकघरात पडून राही आणि तो टॅब्लेट घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. तिने कुरकुर केली तेव्हा त्यानेच तिच्या फोनवर तो खेळ उतरवून दिला होता. "खेळू नकोस, नुसती बघ. टेबलावर माझं नाव दिसतंय ना, तोवर काळजी करायची नाही."

म्हणून तिने फोन नळ्यांच्या स्टँडला टेकवून उभा केला. जुनापंप टेबलावर होता.

पहिले काही डाव त्याने पत्ते टाकूनच दिले. तिला बरं वाटलं. सकाळी तो जरा चेकाळल्यासारखा खेळत होता; आता ताळ्यावर आला. खेळ कसा बदलत न्यायचा हे त्याने तिला पंपाच्याच भाषेत समजावलं होतं. "पंप बंद व्हॉल्व्हवर चालू करायचा. आधी झाकून खेळायचं, उत्साही मंडळींना आपसांत मरू द्यायचं. पुढे दर थोड्या वेळाने सक्तीची बोली वाढते. पत्ते कसेही येवोत, पाळी आली की चिप्स, म्हणजे खेळातले पैसे, टाकावेच लागतात. मग व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडायचा. नुसतं बसून राहिलं तर बोलीच आपल्याला खाते."

"आणि मग?"

"मग उंबरठा." हे नाव त्याचंच होतं. ठरावीक माणसं उरली की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस. त्याच्या अलीकडची जागा म्हणजे उंबरठा. तिथे सगळेच घाबरलेले असतात. ज्याच्याकडे चिप्स कमी, तो प्रत्येक पाळीला घड्याळ शून्यावर जाईपर्यंत थांबतो, म्हणजे तेवढ्यात दुसरीकडे कुणीतरी बाद होतो. "तिथे मात्र दगड व्हायचं. पण उंबरठा ओलांडला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, घाबरलेल्याला दाबायचं. बंद व्हॉल्व्हवर पंप जास्त वेळ ठेवला तर आतलं पाणी तिथल्या तिथे घुसळून उकळतं. बाहेरून आवाज तसाच येतो आणि आत पंप संपलेला असतो."

वॉर्डातल्या मावशी नमुने घेऊन आल्या. "काय ताई, साहेब आले का पहिल्या नंबरात?"

"अजून कुठलं. दगड झालेत."

"पुरुषांचं बरंय. घरात दगड झाले तर शिव्या, खेळात झाले तर कौतुक."

ती हसली. पडद्यावर जुनापंपाची पाळी आली होती. त्याच्या नावाभोवतीचं घड्याळ कमी कमी होत गेलं आणि शून्यावर येताच त्याचे पत्ते आपोआप सरकून गेले. पुढच्या पाळीलाही तेच. उंबरठा अजून दूर होता, तरी तो आतापासूनच वेळ काढत होता. एरवी इतका धीर त्याला नसे. नळाला वॉशर बसवतानासुद्धा घाई करणारा माणूस! संध्याकाळी त्याला सांगायचं, आज फार शहाण्यासारखा खेळलात.

दुपार सरत गेली. नमुने आले, निकाल गेले. माणसं बाद होत होती आणि जुनापंप न हलता वर चढत होता. त्याचे चिप्स मात्र झिजत होते. मग पडद्यावर रंगीत पट्टी आली. उंबरठा ओलांडला गेला. तिने हातमोजे काढले आणि एकटीनेच हलकी टाळी वाजवली. आता बघा म्हणावं, आता व्हॉल्व्ह उघडेल.

पुढच्या डावात सगळ्यांनी पत्ते टाकले. जुनापंपासमोर एकच भिडू उरला, आणि त्याच्याकडे याच्याहूनही कमी चिप्स होते. दाबायला याहून चांगली जागा नव्हती. घड्याळ निघालं. संपलं. पत्ते सरकून गेले.

हातात फारच रद्दी आली असेल, तिने स्वतःला सांगितलं.

मावशी परत आल्या. "ताई, सिस्टर विचारतात, तिन्ही पेशंटचं सोडियम सारखंच कसं? तिघं स्थिर आहेत असं लिहायचं का?"

तिने निकाल पाहिले. आकडे शेवटच्या अंकापर्यंत एकच होते. "नाही, नाही. लिहू देऊ नका. जिवंत माणसाचा आकडा थोडा तरी हलतो. तीन वेगळी माणसं, आणि एकच आकडा? असं आलं की पेशंट स्थिर आहे असं समजायचं नसतं मावशी, आधी यंत्र..."

ती थांबली. तिची नजर फोनकडे गेली. जुनापंपाचं घड्याळ शून्याकडे चाललं होतं.

"ताई? काय झालं?"

तिने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग घराच्या इमारतीत खाली दुकान असलेल्या शिंप्याला लावला. घराची एक किल्ली त्याच्याकडे असे.

"बोला वहिनी. दादांनी पँट दिलीय अल्टरला, उद्या देतो म्हटलं..."

"वर जाऊन या जरा. आत्ता. वाजवू नका, किल्लीनेच उघडा."

पायऱ्यांवरची चप्पल तिला ऐकू आली. मग कुलूप. मग शिंप्याचा आवाज, "दादा? अहो दादा?"

"वहिनी, खुर्चीत बसलेत. टॅब्लेट मांडीवर आहे. डोळा लागल्यासारखं... चहा तसाच आहे, साय धरलीय."

"हात धरा त्यांचा. गार आहे?"

"हो."

"बोटं वाकतात का?"

"नाही, वहिनी," तो म्हणाला, आणि रडू लागला.

रुग्णवाहिका वरच्या डॉक्टरांनी लगेच दिली. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून गाडीपर्यंत आल्या, "यंत्राचं मी सांगते सिस्टरला, तुम्ही जा," म्हणाल्या. ती ड्रायव्हरशेजारी बसली. अंगात अजून पांढरा कोट होता.

"सायरन लावू ना ताई?"

"नको."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडी काढली. सिग्नल लागला तेव्हा इतर गाड्यांच्या मागे तोही थांबला.

फोन तिच्या हातात सुरूच होता. जुनापंपाचे उरलेसुरले चिप्स सक्तीच्या बोलीत आपोआप पुढे सरकले. आता ठरवायला काही उरलं नव्हतं, म्हणून खेळाने त्याचे पत्ते उघडे केले. दिवसभरात पहिल्यांदा तिला ते दिसले. बदामची नव्वी आणि चौकटची चौकी. समोरच्याकडे राजा होता. टेबलाच्या मधले, दोघांचे सामाईक पत्ते एकेक करून पडले, आणि शेवटचा पत्ता आला नव्वी.

नव्वीची जोडी झाली आणि जुनापंप जिंकला. चिप्सचा छोटा ढीग घसरत त्याच्या नावापाशी आला.

सिग्नल सुटला. नवे पत्ते वाटले गेले. फिरत फिरत पाळी त्याच्यावर आली आणि घड्याळ सुरू झालं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि ते पूर्ण संपेपर्यंत पाहत राहिली.