माश्यांच्या मैदानात मावशीचे डोळे

क्वीन्सलंडच्या माळावर आमच्याकडे घोड्यांच्या शर्यती होत्या. सकाळीच मी विनीफ्रेड मावशीच्या सुजलेल्या डोळ्यांवर गार टी-बॅगा ठेवल्या, सूज उतरल्यावर क्रीम चोळलं.

"निळा रंग लाव गं."

"ओघळलेल्या पापण्यांना निळा? मुळीच नाही!" मी तपकिरी लावला, आयलायनरचं टोक वर वळवलं. डोळे कसे हसरे झाले!

मैदानात माश्या घोंगावल्या आणि या बाईने टोपीवरून काळी जाळी गळ्यापर्यंत ओढली.

माझं डोकंच फिरलं. "आता कोण बघणार माझी मेहनत?"

"ज्याला बघायचंय, तो उचलेल जाळी."

शर्यत सुटली. सगळे घोड्यांकडे धावले. नाल ठोकणारा विधुर क्लाइव्ह तेवढा आमच्याकडे आला. त्याने आधी स्वतःची जाळी उचलली, मग हलकेच मावशीची.